घडी आणि घडीची कृती : ओरिगामीच्या छंदाचा इतिहास



आजचा विषय तसा हलकाफुलका वाटेल. कागदाच्या घड्या घालून पक्षी, होड्या, बेडूक करायचे, आणि याचा इतिहास सांगायचा! आत येताना प्रत्येकाच्या हातात एक चौकोनी कागद दिला आहे. तो सध्या बाजूला ठेवा, मध्येच लागणार आहे. ऑनलाइन ऐकणाऱ्यांनी एखादा चौकोनी कागद शोधून ठेवा. घोटीव कागद असेल तर उत्तम, नाहीतर वहीच्या पानाचा चौकोन कापला तरी चालेल.

ओरिगामीची ओळख करून देताना एक ठरलेलं वाक्य असतं: ‘ओरिगामी ही प्राचीन जपानी कला आहे.’ हे वाक्य खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. आज आपण ज्याला ओरिगामीचा छंद म्हणतो, म्हणजे रंगीत चौकोनी कागद, आकृत्या दाखवणारं पुस्तक, कापायचं नाही, चिकटवायचं नाही हा नियम, वेगवेगळ्या देशांतले छांदिष्ट आणि त्यांची मंडळं, हे सगळं शे-दोनशे वर्षांत जमून आलेलं आहे. त्यात जपान आहे, जर्मनी आहे, इंग्लंड-अमेरिका आहे आणि आपलं मद्रासही आहे.

इतिहास लिहिणाऱ्याची इथे एक मोठी अडचण होते. मातीचं भांडं हजारो वर्षांनी उकरून काढता येतं. कागदाची होडी मात्र पावसाच्या पाण्यात सोडली की संपली. मुलांनी केलेला पक्षी संध्याकाळी केराच्या टोपलीत जातो. म्हणजे वस्तू उरतच नाही. मग उरतं काय? उरते ती कृती, ‘आधी ही घडी, मग ती घडी’ हे सांगणं. म्हणून आज आपण कागदी वस्तूंचा इतिहास बघण्यापेक्षा ही कृती एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली याचा इतिहास बघू. आमच्या मते ओरिगामीचा खरा इतिहास तोच आहे.

सुरुवात शब्दापासून करू. ‘ओरि’ म्हणजे दुमडणं आणि ‘कामी’ म्हणजे कागद. जोडून झालं ओरिगामी. पण गंमत अशी की जुन्या जपानमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा होता. मधोमध आडवा दुमडलेला, ज्यावर दस्तऐवज लिहीत तो कागद म्हणजे ओरिगामी. तलवार अस्सल आहे असं जाणकाराने लिहून दिलेलं प्रमाणपत्र, तेही ओरिगामी. आजही जपानीत एखाद्या गोष्टीला ‘ओरिगामी जोडलेली आहे’ म्हटलं, तर ‘ती खात्रीची आहे’ असा अर्थ होतो. आपण ज्याला ओरिगामी म्हणतो त्याला तेव्हा ‘ओरिसुए’, ‘ओरिकाता’ अशी वेगवेगळी नावं होती. आजच्या अर्थाने हा शब्द रूढ झाला तो विसाव्या शतकात.

कागद जपानमध्ये सातव्या शतकाच्या सुरुवातीला, कोरियाच्या वाटेने आला असं परंपरा सांगते. तो महाग होता. त्यामुळे घडीचं काम आधी खेळात नाही, रीतिरिवाजात दिसतं. सरदार-सामुराईंच्या घरात भेटवस्तू कशात गुंडाळायची, कागदाची कुठली कड वर ठेवायची, याचे काटेकोर नियम होते. लग्नात साके या मद्याच्या सुरयांना कागदाची दोन फुलपाखरं बांधत, एक नर आणि एक मादी. हे नियम सांभाळणारी घराणी होती. त्यांपैकी इसे घराण्यातल्या सादाताके याने १७६४ साली ‘त्सुत्सुमि-नो-की’ हा ग्रंथ लिहिला. कुठल्या वस्तूला कुठली घडी, याची ती संहिताच.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. देवळातून आणलेली अंगाऱ्याची पुडी आठवा. वैद्याकडची चूर्णाची पुडी आठवा. वाण्याकडची पुडी तर दोऱ्याशिवायही सुटायची नाही. कागद एकच, पण कशासाठी कुठली घडी हे हाताला माहीत असायचं. फरक इतकाच, की आपल्याकडे पुडीवर कुणी ग्रंथ लिहिला नाही. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याकडे परत येणार आहोत.

एकीकडे हे रीतीचं घडीकाम, तर दुसरीकडे कागद स्वस्त होत गेला तसं घराघरांतलं खेळातलं घडीकाम वाढलं. क्रौंच पक्षी, होडी, बेडूक अशा वस्तू आई मुलीला शिकवायची आणि मुलगी पुढे तिच्या मुलांना. यातलं फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. आणि मग १७९७ साली क्योतोमध्ये एक पुस्तक छापलं गेलं, ‘हिदेन सेनबाझुरु ओरिकाता’. निव्वळ करमणुकीच्या घडीकामावरचं, आज उपलब्ध असलेलं हे सगळ्यात जुनं पुस्तक मानतात. त्यातल्या रचना कुवाना गावच्या गिदो नावाच्या बौद्ध भिक्षूच्या. एका कागदाला ठरावीक ठिकाणी काप द्यायचे, पण छोटे चौकोन कोपऱ्याकोपऱ्याशी जोडलेलेच ठेवायचे, आणि त्यांचे क्रौंच घडवायचे. मग पक्षी एकमेकांच्या चोचींना, पंखांना, शेपट्यांना जोडलेले राहतात. असे ४९ प्रकार त्यात आहेत आणि प्रत्येकासोबत एक विनोदी कविता आहे.

दोन गोष्टी इथे टिपून ठेवू. पहिली, यात कापणं आहे. ‘कापायचं नाही’ हा आजचा नियम प्राचीन नाही, हे या एका पुस्तकावरून कळतं. दुसरी गोष्ट नावातली. ‘हिदेन’ म्हणजे गुरूने शिष्याला गुपचूप दिलेली विद्या. गुपित आहे असं मुखपृष्ठावर लिहायचं आणि पुस्तक छापून बाजारात विकायचं! पण त्यामुळेच गिदोची कृती आज आपल्यापर्यंत आली. न छापलेली किती गुपितं सांगणाऱ्याबरोबर गेली असतील याचा हिशोब कुणाकडे नाही.

आता आपण जपान सोडून जर्मनीत जाऊ, कारण कागदाच्या घड्या युरोपातही स्वतंत्रपणे घातल्या जात होत्या. फ्रीडरिश फ्रोबेल हे नाव शिक्षक मंडळींना परिचित असेल. १७८२ साली जन्मलेला हा शिक्षणतज्ज्ञ. १८३७ मध्ये त्याने बाड ब्लांकेनबुर्ग या छोट्या गावात लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. मुलांच्या हाताला काय काम द्यायचं याचा त्याने बारीक विचार केला होता. लाकडी ठोकळे, विणकाम, मातीकाम आणि त्यातच कागदाच्या घड्या. घड्यांचे त्याच्याकडे तीन वर्ग होते. घर, होडी अशा जगण्यातल्या वस्तूंचे आकार, नक्षीसारखे सौंदर्याचे आकार, आणि भूमिती समजावणारे ज्ञानाचे आकार.

१८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. मुलांनी खेळत शिकावं यात सरकारला नास्तिकपणाचा आणि क्रांतीचा वास आला. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला आणि बंदी उठली ती १८६० साली. पण त्याच्या हाताखाली तयार झालेल्या शिक्षिका थांबल्या नाहीत. इंग्लंड, अमेरिका, जिथे जिथे त्या गेल्या तिथे किंडरगार्टन गेलं, आणि त्याच्याबरोबर चौकोनी कागदही गेला. १८७६ मध्ये टोकियोच्या महिला अध्यापक विद्यालयाला जोडून जपानची पहिली सरकारी बालवाडी सुरू झाली, ती फ्रोबेलच्या पद्धतीची. घराघरांतला जपानी क्रौंच आणि फ्रोबेलच्या घड्या आता एकाच वर्गात शेजारी बसल्या. आज जपानी मूल ज्याला आपली परंपरा म्हणतं, तिच्यात एक धागा या जर्मन गावातून आलेला आहे. परंपरा अशाच बनतात, त्यात कमीपणा काही नाही.

आता मद्रासकडे वळू. १८९३ साली तिथे टी. सुंदर राव यांचं एक इंग्रजी पुस्तक निघालं. विषय होता, कागदाच्या घड्यांतून भूमितीचे धडे. सुंदर राव पेशाने महसूल खात्यातले अधिकारी, गणिताचे प्राध्यापक नव्हेत. पुस्तकाची कल्पना कुठून सुचली हे त्यांनी प्रस्तावनेत सरळ सांगितलं आहे. किंडरगार्टनच्या साहित्यातली आठव्या क्रमांकाची पेटी त्यांच्या पाहण्यात आली. तिच्यात २०० रंगीत चौकोनी कागद, घडी दाबायची पट्टी आणि आकृत्या होत्या. म्हणजे लहान मुलांचं खेळणं एका सरकारी अधिकाऱ्याच्या हातात पडलं आणि त्यातून त्याने चौरस, समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन करत करत थेट शंकुच्छेदांपर्यंत मजल मारली. कंपास नाही, मोजपट्टी नाही, फक्त घडी.

आता हातातले कागद घ्या, यातली एक घडी करूनच बघू. कागद समोर सरळ ठेवा. डावी कड उजव्या कडेवर नेऊन मधोमध उभी घडी घाला, आणि उघडा. आता खालचा उजवा कोपरा उचला आणि त्या मधल्या घडीवर टेकवा. अट एकच, की नवी घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातूनच गेली पाहिजे. जरा मागेपुढे सरकवावं लागेल. टेकला? तिथे पेन्सिलीने टिंब करा आणि कागद उघडा. टिंब आणि खालचे दोन कोपरे जोडा. हा झाला समभुज त्रिकोण.

का झाला, हेही बघू. उजवा कोपरा डाव्या कोपऱ्यापासून एका बाजूइतका लांब होता. घडी डाव्या कोपऱ्यातून गेल्यामुळे ते अंतर बदललं नाही. आणि मधल्या घडीवरचा कुठलाही बिंदू दोन्ही खालच्या कोपऱ्यांपासून सारखाच लांब असतो. म्हणून तिन्ही बाजू सारख्या. शाळेत ही सिद्धता फळ्यावर पाहिली तर अर्धा वर्ग झोपतो. इथे मात्र ती बोटांना समजते. सुंदर राव यांचं म्हणणं हेच होतं.

मद्रासमध्ये छापलेलं हे पुस्तक तिथेच राहिलं असतं. पण फेलिक्स क्लाइन या मोठ्या जर्मन गणितज्ञाने आपल्या १८९५ च्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला. तो वाचून बेमन आणि स्मिथ या दोन अमेरिकन प्राध्यापकांचं लक्ष तिकडे गेलं आणि १९०१ साली शिकागोहून त्याची सुधारित आवृत्ती निघाली. पुढे ती अनेकदा छापली गेली. जर्मनीतली कल्पना मद्रासला आली, जर्मनीत परत गेली आणि तिथून अमेरिकेला.

याला एक शेपूटही आहे. कोनाचे तीन समान भाग करण्याचा प्राचीन ग्रीक प्रश्न कंपास आणि पट्टीने सुटत नाही, हे सिद्ध झालेलं होतं. सुंदर राव यांनी लिहिलं, की घडीने कोनाचे तीन भाग बऱ्यापैकी अचूक करता येतात. बऱ्यापैकी, पूर्ण अचूक नव्हे. १९३६ मध्ये इटलीच्या मार्गेरिता पियाझोला बेलोख या गणितज्ञ बाईंनी दाखवलं, की दोन बिंदू एकाच वेळी दोन रेषांवर आणणारी घडी घातली तर घनसमीकरणं सुटतात, म्हणजे कंपास-पट्टीला न जमणारं कामही अगदी अचूक होतं. हे संशोधन पुढे कित्येक दशकं दुर्लक्षित राहिलं. १९८० च्या दशकात हिसाशी आबे यांची कोन त्रिभागण्याची घडी प्रसिद्ध झाली, आणि १९८९ साली इटलीतच, फेरारा शहरात, ओरिगामीच्या विज्ञानावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कृती सापडते, हरवते आणि पुन्हा सापडते, ती अशी.

पुन्हा जपानमध्ये येऊ. अकिरा योशिझावा, जन्म १९११, शेतकऱ्याच्या घरात. लहान वयात टोकियोला येऊन कारखान्यात कामाला लागले. पुढे तिथल्या नव्या कामगारांना भूमिती शिकवायचं काम आलं, आणि ती ते घड्या घालून शिकवू लागले. विशी उलटल्यावर, १९३७ च्या सुमारास, त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ ओरिगामीला दिला. त्यानंतरची वर्षं अतिशय ओढगस्तीची गेली. दारोदार फिरून ‘त्सुकुदानी’ हे मुरवलेलं तोंडीलावणं विकून त्यांनी पोट भरलं. शेवटी ‘आसाही ग्राफ’ या साप्ताहिकाने त्यांच्याकडून जपानी राशिचक्रातले बारा प्राणी करून घेतले. १९५२ च्या सुरुवातीला ते छापून आले आणि चाळिशीतल्या या माणसाचं नाव जपानभर झालं.

योशिझावांनी ओल्या कागदाला घडी घालायचं तंत्र आणलं. त्यामुळे कागदी प्राण्यांना गोलाई आली आणि ते जिवंत वाटू लागले. पण आपल्या आजच्या विषयात त्यांचं खरं महत्त्व एका साध्या गोष्टीसाठी आहे. १९५४ च्या पुस्तकात त्यांनी घड्या दाखवायला ठरावीक खुणा वापरल्या. तुटक रेघ म्हणजे आत जाणारी, दरीसारखी घडी. रेघ-टिंब-रेघ म्हणजे वर येणारी, डोंगरासारखी घडी. कागद कुठून कुठे न्यायचा ते बाण दाखवतो. पुढे ब्रिटनचे रॉबर्ट हार्बिन आणि अमेरिकेचे सॅम्युएल रँडलेट यांनी या खुणांत थोडी भर घालून त्या आपल्या पुस्तकांत वापरल्या आणि जगभर त्याच रूढ झाल्या. संगीताला स्वरलिपी मिळावी तसं हे झालं. जपानी न येणारा माणूस जपानी पुस्तकातला बेडूक करू शकतो, तो या बाणांमुळे.

आणि इथून पुढे खऱ्या अर्थाने ‘छंद’ सुरू होतो. त्यातली माणसं बघण्यासारखी आहेत. गर्शन लेगमन हा अमेरिकन, चावट विनोदांचा संग्राहक म्हणून प्रसिद्ध. त्याला घडीकामाचं वेड लागलं. त्याने पत्रापत्री करून योशिझावांना शोधून काढलं आणि १९५५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. रॉबर्ट हार्बिन पेशाने जादूगार. त्यांचं पुस्तक १९५६ सालचं. न्यूयॉर्कच्या लिलियन ओपनहायमर साठीच्या होत्या, तेव्हा १९५८ मध्ये त्यांनी तिथे ओरिगामी केंद्र सुरू केलं आणि एक वार्तापत्रही काढलं. ‘ओरिगामी’ हा शब्द इंग्रजीत रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा. १९६७ मध्ये ब्रिटिश ओरिगामी सोसायटी निघाली. एक जादूगार, एक आजी, एक विनोदसंग्राहक. यांतल्या कुणालाही हे काम कुणी सोपवलेलं नव्हतं. टपालाने आकृत्या पाठवायच्या, दुसऱ्याची घडी करून बघायची, आपली कळवायची, एवढ्यावर हे जाळं उभं राहिलं.

त्याच १९५५ सालच्या ऑक्टोबरमध्ये हिरोशिमात सादाको सासाकी ही बारा वर्षांची मुलगी रक्ताच्या कर्करोगाने गेली. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. हजार क्रौंच केले की इच्छा पुरी होते या श्रद्धेने ती रुग्णालयात मिळेल त्या कागदाचे पक्षी करत होती. तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेतला आणि १९५८ मध्ये हिरोशिमात मुलांचं शांतिस्मारक उभं राहिलं. आजही जगभरातून तिथे कागदी क्रौंचांच्या माळा येतात. हे घडू शकलं, कारण क्रौंच कसा करायचा हे एव्हाना कुणाचं गुपित राहिलं नव्हतं.

पण कृती सर्वांची झाली की एक अवघड प्रश्न उभा राहतो. मग ती कुणाची? १९८० नंतर गणिताच्या मदतीने फार गुंतागुंतीच्या रचना होऊ लागल्या. सहा पाय आणि मिशा असलेला कीटक, तोही एका अखंड चौकोनातून. अमेरिकेच्या रॉबर्ट लँग यांनी त्यासाठी संगणकाचा प्रोग्रॅमच लिहिला. अशा रचनेचा घड्यांचा नकाशा, म्हणजे कागद उलगडल्यावर दिसणारं रेघांचं जाळं, हेच एक चित्र असतं. २०११ मध्ये लँग आणि इतर काही ओरिगामीकारांनी सारा मॉरिस या चित्रकर्तीवर अमेरिकेत दावा केला. आमचे नकाशे रंगवून तुम्ही आपली चित्रं केलीत, असं त्यांचं म्हणणं. २०१३ मध्ये तडजोड झाली. आमचं मत असं, की हा वाद फक्त पैशाचा नव्हता. छांदिष्टांच्या जगात एक अलिखित रीत आहे: कृती मोकळेपणाने द्या, पण ती कुणाची हे सांगा. बंदिश गाताना आपण घराण्याचं, रचनाकाराचं नाव घेतो, तसंच. गिदोचं नाव २०० वर्षं टिकलं, पण क्रौंचाची पहिली घडी घालणाऱ्या बाईचं, की पुरुषाचं, नाव गेलं ते गेलंच.

हल्ली ओरिगामीचं कौतुक उपयोगासाठी होतं. कोर्यो मिउरा यांची घडी, जिची दोन टोकं ओढली की अख्खा कागद एकदम उघडतो, १९९५ मध्ये जपानच्या अवकाशयानावरच्या सौर पटलासाठी वापरली गेली. मेरठमध्ये जन्मलेले मनू प्रकाश यांनी अमेरिकेत घडीचा सूक्ष्मदर्शक केला, ज्याच्या साहित्याचा खर्च एका डॉलरपेक्षा कमी. हे सगळं उत्तमच आहे. पण लेगमन किंवा ओपनहायमरबाई अवकाशयानासाठी घड्या घालत नव्हत्या. त्यांना मजा येत होती म्हणून त्या घड्या जगल्या, आणि मग शास्त्रज्ञांना त्या हाताशी मिळाल्या.

महाराष्ट्रातही ही देवाणघेवाण झाली आहे. अनिल अवचटांनी आपल्या छंदांवर एक पुस्तकच लिहिलं. ओरिगामी हा त्यांचा आवडता छंद, आणि मराठी वाचकांच्या घरात हा शब्द पोचवण्यात त्यांचा हात आहे. पुण्याच्या आयुकामध्ये अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं वर्तमानपत्राच्या टोप्यांपासून उडत्या पक्ष्यांपर्यंत मुलांना काय काय शिकवलं, आणि त्या कृती सगळ्यांसाठी फुकट खुल्या ठेवल्या.

आता पुडीकडे परत येऊ. साधी होडी, नांगरहोडी, शाईची दौत, कॅमेरा, पाकीट ही नावं इथल्या पन्नाशीपुढच्या बहुतेकांना माहीत असतील. पण यांतल्या किती आज तुम्हाला न अडखळता करता येतील? प्लास्टिकच्या पिशवीने वाण्याची पुडी घालवली. आपल्या या घड्या आपण कुठे एकत्र लिहून, काढून ठेवल्या आहेत का? इसे सादाताकेसारखा ग्रंथ लिहायला नको. खुणा तयार आहेत: तुटक रेघ, रेघ-टिंब-रेघ आणि बाण.

म्हणून आमची एक विनंती. घरातल्या आजी-आजोबांना, मावशीला, शेजारच्या काकांना विचारा, तुमच्या लहानपणी कागदाचं काय काय करायचात? त्यांच्या शेजारी बसून ते शिका. मग त्याची आकृती काढा, आणि खाली लिहा: कुणाकडून शिकलो, कुठल्या गावात, त्या घडीला तिथे काय म्हणायचे. आणि मग ती दुसऱ्या कुणाला तरी शिकवा.